चालायला एक माणूस

पुण्याच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. रोज चालायचं, आणि एकटीनं कधीही चालायचं नाही. पहिली ऐकून मला बरं वाटलं. दुसरी ऐकून मी हसले, तेव्हा त्यांना वाटलं बाई फार आनंदी स्वभावाच्या आहेत. त्यांनी बोरखडी पाहिलेली नव्हती.

बोरखडी पाथर्डीच्या पूर्वेला. दिवाळीचे फटाके संपतात न संपतात तोच मुकादमाचे ट्रॅक्टर गावात येतात आणि आठवड्याभरात गाव रिकामं होतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. असे कोयते भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि तान्ही पोरं घेऊन ट्रॉलीत चढतात आणि साखर कारखान्यांकडे निघून जातात. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधले महिने दाराला कुलूप, नाहीतर दाराशी एखादं म्हातारं माणूस.

मी रूथ, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मूळची भिंगारची. लग्न केलं नाही, त्यामुळे बाई, तुमचा कोयता अर्धाच, असं गावातल्या बायका मला चिडवतात. हंगामात त्या बायकाही नसतात. वर्ग निम्मा होतो, आणि चिडवायला कुणी नाही याचं वाईट वाटायला लागतं. माणूस इतकं लाचार होऊ शकतं हे मला इथे येऊन कळलं.

एके काळी मी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळायचे. खांबापाशी अशी हुलकावणी द्यायचे की मागे लागलेली मुलगी तोंडावर पडायची. चाळिशीच्या तोंडावर अंगावर गांधी उठायला लागल्या. सगळे म्हणाले, पित्त आहे, आमसुलं भिजवून अंगाला चोळ. चोळलं. चोळल्यावर तर आणखीच भडका उडाला. मग पोटात कळा, मग चकरा, मग एक दिवस शाळेच्या मैदानावर शिट्टी तोंडात असतानाच मी आडवी झाले. कुणीतरी फिट समजून नाकाला कांदा लावला. वर्ष-दीड वर्ष असं डॉक्टरांच्या दारोदार फिरल्यावर पुण्यात रोगाचं नाव सापडलं. मास्ट सेल नावाच्या पेशींचा बिघाड.

या पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात. बाहेरचं काही वाईट आत शिरलं की बोंब ठोकायची, हे त्यांचं काम. माझ्या पेशी पाहुणा आला तरी बोंब ठोकतात. उन्हानं, बोचऱ्या गारव्यानं, घामानं, अत्तराच्या वासानं, मुंगी चावली तरी, आणि राग आला तरीसुद्धा. राग टाळा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला त्यांचाच राग आला.

पण ते शहाणे होते. "या आजारात हाडं ठिसूळ होतात, तुमची व्हायला लागली आहेत. बसून राहिलात तर लवकर संपाल. गोळी घेऊन चाला. सावकाश, ऊन चढायच्या आत. घाम फुटेल असं वाटलं की थांबा. आणि सोबत असं माणूस हवं, ज्याला हे इंजेक्शन देता येईल." पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन त्यांनी माझ्या हातात ठेवलं. झटका आला की टोपी काढून मांडीवर दाबून धरायचं.

माझा धाकटा भाऊ नोहा म्हणाला, नोकरी सोड आणि भिंगारला ये. मी नाही म्हणाले. रोज जाऊन-येऊन करणंही शक्य नव्हतं. एसटीतला डिझेलचा धूर आणि शेजारणीचं सेंट यांत मी पाथर्डीपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून शाळेमागच्या खोलीत राहते. आणि खरं सांगायचं तर मला जगायचं होतं ते हिंडत-फिरत. नुसतं बसून जगणं भिंगारला कधीही मिळालं असतं.

तर चालायला एक माणूस हवं होतं. आमचे मुख्याध्यापक गोरक्ष सर पाथर्डीहून मोटरसायकलवर घंटेला येतात आणि घंटेला जातात. ते म्हणाले, "मॅडम, व्हरांड्यात चाला की. सुरक्षित आहे." मी व्हरांड्यात चालले. या टोकाला पाण्याची टाकी, त्या टोकाला फळा. महिनाभरात मला टाकीवरचं शेवाळ ओळखीचं झालं. एकदा चालता चालता डोळ्यांत पाणी आलं, आणि विचारायला कुणी नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

झुंबरबाई मला तिथूनच दिसायची. शाळेच्या कुंपणापलीकडे तिचं घर. सत्तरी गाठलेली, काटक, चार शेळ्या. तिचा मुलगा वाल्मिक बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, तो हंगाम संपल्यावर तिकडेच बेलापूरजवळ कुणाच्या तरी मळ्यात कामाला राहिला. दोन पाडवे झाले, आला नव्हता. हे मला गावात मागे उरलेल्या म्हाताऱ्या आसारामबाबांनी सांगितलं. झुंबरबाईनं स्वतः कधीच काही सांगितलं नाही.

एक दिवस तीच कुंपणाशी आली. "बाई, काय हरवलंय का? रोज हिकडून तिकडं करताय."

"चालतेय."

"कुठं जायाचंय?"

"कुठंच नाही."

ती कुंपणावर रेलली. "कुठंच जायाचं न्हाई, मंग चालायचं कशापायी?"

मी तिला सगळं सांगितलं. पेशींचं तिला पटलं नाही, हाडांचं पटलं. ती म्हणाली, "म्या शेरडं घिऊन ओढ्याकडं जातेच की. चला माझ्यासंगं."

इंजेक्शन शिकवायला तिच्या घरी गेले, तर आत पाऊल टाकताच ओरडली. "चप्पल! सारवलंय म्या!" तिची जमीन म्हणजे आरसा. चुलीपुढे तर मांजरालाही पाय ठेवायची बंदी होती. मी चप्पल बाहेर काढली आणि गोधडीची गुंडाळी करून तिला जुन्या, वापरलेल्या पेनावर सराव करवला. टोपी काढायची, दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं, मग माझे पाय उंच करायचे.

"आन् तुमी आरडल्या तर?"

"ओरडू दे. सोडायचं नाही."

"लेकराला एरंडेल पाजताना धरतो तसं," ती म्हणाली. तिला समजलं होतं.

मग आम्ही चालू लागलो. पहाटेचा गारवा ओसरला की निघायचं, ऊन तापायच्या आत परतायचं. एवढीच माझी वेळ. पहिल्यांदा ओढ्याच्या अलीकडच्या कडुलिंबापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग ओढा ओलांडून. ती पुढे, शेळ्या मध्ये, मी मागे. जिल्ह्याच्या संघातली खेळाडू सत्तरीच्या बाईच्या मागे धापा टाकत चालली होती. "आता बसा," ती म्हणायची, आणि मला बसवून सरपण गोळा करायची, कारण रिकाम्या हातानं परत येणं तिला लाजिरवाणं वाटायचं.

बोलणं फार व्हायचं नाही. कुणाचं कुलूप गंजलं, कुणाच्या छपराचा पत्रा उडाला, एवढंच. नाताळच्या सकाळी मी ओढ्याकाठी बसून आमचं एक गीत म्हटलं. घरी असते तर पन्नास गळ्यांत माझा एक गळा असता. इथे एकटीचा आवाज मलाच परका वाटला, म्हणून एका कडव्यावर थांबले. "म्हना की," झुंबरबाई म्हणाली, "शेरडं आयकत्यात." मी उरलेलं म्हटलं. त्यानंतर मला सकाळी तिची वाट बघायची सवय लागली. अशी सवय लागणं मला आवडलं नाही, पण लागली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते घडलं. सुट्टी म्हणून आम्ही रेंगाळलो होतो, ऊन जरा वर आलं होतं. झुंबरबाई मागे काटक्या मोडत होती आणि तिचं एक करडू कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरलं. मी धावले.

विचार केला असता तर धावले नसते. पण पायांनी विचारलंच नाही. बांधावरून उडी घेतली, कानाला वारा लागला, करडू डावीकडे वळलं तसं मी त्याला उजवीकडून हुलकावणी दिली आणि ते अलगद माझ्या हातात आलं. किती वर्षांनी माझ्या अंगानं माझं ऐकलं होतं! मी मोठ्यानं हसले. त्या रिकाम्या रानात हसणारी मी एकटीच होते आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

मग तळहातांना खाज सुटली. मग कान तापले, तोंड तापलं, पोटात कळ आली. मला सगळं ओळखीचं होतं. मी करडू सोडलं आणि बांधाला टेकून बसले. इंजेक्शनच्या पिशवीची चेन बोटांना धरवेना. जीभ जड झाली होती. अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते, हातपाय थरथरत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

झुंबरबाई आली. सरपण टाकून दिलं. मी पिशवीकडे हात केला. पण ती पिशवीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं जे केलं ते बघून मला वाटलं, आपलं आता संपलं. तिनं पायातल्या चपला काढून लांब ठेवल्या, पदर डोक्यावरून घेतला, बांधावरची चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली आणि हात जोडले.

"आई, आलीस व्हय?"

तिला वाटलं, माझ्या अंगात देवी आली. लाल तोंड, मोकळे केस, थरथर. तिनं आयुष्यभर मोहट्याच्या देवीच्या यात्रेत पाहिलेलं सगळं माझ्यात होतं. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, आणि घुमताना बायका मान हलवतात तशीच ती हलत होती.

"आई, येकच इचारते. माझा वाल्मिक कवा यील?"

मी देवी असते तर पहिल्यांदा तिलाच भस्म केलं असतं. आम्ही सराव केला होता! गोधडीवर, पुन्हा पुन्हा! रागानं माझं अंग आणखी पेटलं. पण ती बोलतच राहिली. "काय नगं त्याचं. नुसतं तोंड दावून जा म्हनावं. सुनेचं काय चुकलं न्हाई, माझंच तोंड वंगाळ, त्याला सांग. म्या रोज दार उघडं ठिवते. येडी म्हनत्यात मला. आई, तू तरी सांग, कवा यील?"

तीन महिने ती माझ्याबरोबर चालली होती. यातलं एक अक्षर तिनं मला सांगितलं नव्हतं. हे सगळं पोटात ठेवून ती मला कुलपांच्या आणि पत्र्यांच्या गोष्टी सांगत होती. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला उत्तर द्यावंसं वाटलं, खरंच वाटलं, पण जीभ वळत नव्हती आणि डोळ्यांपुढे अंधार येत होता. मी कुशीवर कलंडले आणि भडाभडा ओकले.

झुंबरबाईचे जोडलेले हात सुटले.

"अगं बया! देवी कुठं वकती का!"

तिनं झडप घालून पिशवी ओढली. टोपी उडाली. मांडीवर असा दणका बसला की मी ओरडले, पण तिनं सोडलं नाही. मोठ्यानं आकडे मोजत होती. आकडे तिला नीट येत नाहीत, सातानंतर पाच आले, मग पुन्हा सात. मग माझे दोन्ही पाय उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतले आणि गावाच्या दिशेनं आसारामबाबांच्या नावानं अशी हाळी दिली की ती पलीकडच्या वस्तीवरही ऐकू गेली म्हणतात.

आसारामबाबांनी मोबाईलवरून जीप बोलावली. मला मागच्या सीटवर आडवं केलं तेव्हा मी शुद्धीवर होते. श्वास मोकळा झाला होता. झुंबरबाईला चल म्हणाले तर तिनं मान खाली घातली. जीप निघाली तेव्हा ती तशीच अनवाणी उभी होती.

पाथर्डीच्या दवाखान्यातून नोहानं मला थेट भिंगारला नेलं. माझी भावजय क्रिस्टीना फार चांगली आहे. मी उठायच्या आत पाणी आणून द्यायची. मुलांना माझ्याभोवती दंगा करायची बंदी होती. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर माझ्यासाठी उशी ठेवली आणि आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मी तिथेच बसले होते, पण सगळे डोळे मिटून माझ्याबद्दल लांबच्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलत होते. घर भरलेलं होतं, माणसं प्रेमाची होती, आणि मी बोरखडीतल्या कुलपांपेक्षा एकटी होते.

मी क्रिस्टीनाला म्हणाले, "बाजारापर्यंत चालून येऊ या?" ती म्हणाली, "उद्या जाऊ हं, ताई." नोहानं अंगणात खुर्ची टाकली. उद्या येत होता आणि खुर्ची तिथेच होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. धावले म्हणून त्यांनी चांगलंच झापलं. मी विचारलं, "चालणं बंद करू?" ते म्हणाले, "बंद कशाला? नवीन इंजेक्शन घ्या आणि सावकाश सुरू करा. एकट्या मात्र नको."

"डॉक्टरांना सांगायला काय जातंय," नोहा चिडला. "त्या म्हातारीच्या भरवशावर? ती तुझी पूजा करत बसली होती, ताई!" त्याचं चूक नव्हतं. मी पिशवी भरली. तो रागारागानं गाडी काढायला गेला, पण शेवटी जीपच ठरवावी लागली, कारण त्याच्या गाडीत सुवासिक काहीतरी टांगलेलं होतं.

बोरखडीत उतरले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. झुंबरबाईच्या दारात कुणी नव्हतं. सकाळी तयार होऊन कुंपणाशी उभी राहिले. ऊन तापेपर्यंत ती आली नाही. गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. दुसऱ्या सकाळीही नाही. आसारामबाबा म्हणाले, शेरडं ती दुपारची सोडते आता, कुणाशी बोलत नाही. मी व्हरांड्यात चालायला लागले. पाण्याची टाकी, फळा, पाण्याची टाकी. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मरता मरता वाचले मी, आणि रुसायचं हिनं?

तिसऱ्या सकाळी मी नियम मोडला. एकटीनं कुंपण ओलांडलं. दार उघडंच होतं. ती विझलेल्या चुलीपुढे गुडघ्यांवर लुगडं ओढून बसली होती.

"येत का नाहीस?" मी दारातूनच ओरडले. राग टाळा म्हणे.

तिनं वर बघितलं नाही. "कोनत्या तोंडानं यिवू? तुमी मराया लागल्या हुत्या, आन् म्या माझंच दळन दळत बसले."

"देवी कशी वाटले मी तुला? मी चर्चला जाणारी बाई!"

"आता गावात हाय कोन, बाई?" ती म्हणाली. "देवीला यायचंच झालं तर कुनाच्या अंगात यील?"

मी चप्पल काढली, आत गेले आणि तिच्याशेजारी टेकले. बाहेर एक शेळी ओरडली.

"तुमाला समदं आयकू येत हुतं?" तिनं हळूच विचारलं.

"सगळं."

तिनं पदर तोंडावर ओढला. त्या पदराआडून एकच शब्द आला. "मंग?"

ती अजून उत्तराची वाट बघत होती. शाळेत मी पोरांना थापा मारू देत नाही. तिलाही थाप मारवली नाही.

"वाल्मिक कधी येईल ते मला माहीत नाही, झुंबरबाई," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नसेल. पण मी उद्या सकाळी येईन. परवाही येईन. मला चालायला माणूस हवं आहे, आणि मला दुसरं कुणी नको."

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग चुलीच्या कठड्याला हात टेकून उठली.

"उद्या कशाला? चला की आत्ता."

लुगडं खाली पडायच्या आत माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. त्या सारवलेल्या जमिनीवर, चुलीपुढे, झुंबरबाई पायात चपला घालून बसली होती. जमिनीवर टाचांचे ओरखडे उठले होते, एका दिवसाचे नव्हेत.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुमची जीप परत आली तवापास्नं," ती म्हणाली, आणि शेळ्या सोडायला बाहेर गेली.